मतदार ओळखपत्र आणि मतदार यादीचा वाद

मतदार ओळखपत्र म्हणजे निवडणूक आयोगाने दिलेलं फोटोवालं कार्ड, बोलताना वोटर कार्ड किंवा इलेक्शन कार्ड. मत द्यायला आलेला माणूस तोच आहे का हे कोणत्या कागदावरून ठरवायचं, आणि ते ठरवताना खऱ्या मतदारालाच दारातून परत पाठवलं जात नाही ना, हा वाद बऱ्याच देशांत चालू आहे. भारतात मात्र या वादाचं खरं ठिकाण कार्ड नाही, यादी आहे. कार्ड खिशात असलं म्हणजे मत देता येतं असं खूप जणांना वाटतं आणि ते चूक आहे, 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे ज्याचं नाव त्या मतदारसंघाच्या यादीत आहे त्यालाच मत देता येतं, कार्ड फक्त ओळख पटवायला. म्हणून दर निवडणुकीत बूथबाहेर कार्ड हातात धरून "नावच नाही म्हणतात" असं सांगणारी माणसं दिसतात.

उलट यादीत नाव असेल आणि कार्ड हरवलं असेल तर काही बिघडत नाही. लोकसभा विधानसभेला आयोग कार्डाऐवजी 12 कागद चालवून घेतो, त्यात आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट, मनरेगाचं जॉब कार्ड, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, फोटोसह पेन्शनचा कागद, दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड असं बरंच काही येतं. घरी येणारी मतदार चिठ्ठी मात्र 2019 पासून एकटी चालत नाही, ती भाग क्रमांक आणि अनुक्रमांक शोधण्यापुरती. कार्डावर नावाची बारीकसारीक चूक असेल आणि ओळख पटत असेल तर अडवू नका असंही आयोगाचं सांगणं असतं.

आधी कार्ड नव्हतंच. 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी यादी करणारे दारात आले तेव्हा उत्तरेकडच्या राज्यांत कितीतरी बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही, अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं, आणि मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी यादीत ठेवायला नकार दिला. जवळपास 28 लाख बायकांची नावं त्यामुळे गेली. निर्णय कडक होता पण पुढच्या वेळेला बायका स्वतःच्या नावाने यादीत आल्या. या विषयातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच, कारण ओळखीचा नियम कागदावर सगळ्यांना सारखा असतो आणि त्याचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही हे पहिल्याच यादीत दिसलं.

बोगस मतदान रोखायला 1962 पासून म्हैसूरच्या कारखान्यातली न पुसणारी शाई आली. फोटो कार्डाचा प्रयोग 1960 मध्ये कलकत्त्यात एका पोटनिवडणुकीत करून बघितला होता, पण बऱ्याच बायका फोटो काढून घ्यायला तयार झाल्या नाहीत आणि पुष्कळ लोक घरी सापडलेच नाहीत. 1979 ला सिक्कीममध्ये कार्ड आलं. देशभर आणलं ते तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी 1993 मध्ये, आणि कार्ड वाटली नाहीत तर 1 जानेवारी 1995 नंतर निवडणुकाच घेणार नाही इथपर्यंत ते गेले, तेव्हा प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि कार्ड नाही म्हणून निवडणूक थांबवता येणार नाही हे स्पष्ट झालं.

आपण बूथवर गेलो आणि आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं असेल तर गप्प परत यायचं नाही. केंद्राध्यक्षाला सांगायचं, तो ओळख पटवून घेतो आणि मतपत्रिकेवर मत द्यायला देतो, याला प्रदत्त मत म्हणतात. ते मशीनमध्ये जात नाही, वेगळ्या पाकिटात सीलबंद राहतं, एरवी मोजत नाहीत, पण प्रकरण कोर्टात गेलं तर तोच पुरावा. पोलिंग एजंटलाही, म्हणजे बूथवर बसलेल्या उमेदवाराच्या माणसालाही, समोरच्याच्या ओळखीवर आक्षेप घेता येतो, त्याची फी 2 रुपये.

आता वाद यादी साफ करण्याचा आहे. साफ करायलाच हवी, मेलेल्या माणसांची नावं वर्षानुवर्षं राहतात, गावाकडे एक आणि मुंबई पुण्यात एक अशी दोन नावं असलेले लोक आपल्या सगळ्यांच्या ओळखीत आहेत. नाव नोंदवायला फॉर्म 6, काढायला 7, दुरुस्ती किंवा पत्ता बदलायला 8. पण शहरात जाऊन फॉर्म 8 न भरता नवा फॉर्म 6 भरला की दुबार नाव तयार होतं, त्यात दरवेळी लबाडीच असते असं नाही. 2025 मध्ये महाराष्ट्रात महापालिका, नगरपालिका निवडणुकांच्या आधी दुबार मतदारांवरून मोठा गदारोळ झाला, 1 नोव्हेंबरला मुंबईत विरोधी पक्षांनी मोर्चा काढला आणि राज्य निवडणूक आयोगाने संशयित दुबार नावांपुढे दोन स्टार लावायचं ठरवलं.

सगळ्यात मोठी झाडाझडती बिहारची. जून 2025 मध्ये विशेष सखोल पुनरीक्षण, म्हणजे यादीची घरोघर नव्याने तपासणी, सुरू झालं, यादीत 7.89 कोटी नावं होती, 1 ऑगस्टच्या कच्च्या यादीत 7.24 कोटी राहिली, म्हणजे 65 लाख गेली. 2003 च्या यादीत नाव नसलेल्यांनी 11 पैकी एखादा कागद द्यायचा होता आणि त्यात आधार नव्हतं, रेशन कार्ड नव्हतं, खुद्द आयोगाने दिलेलं वोटर कार्डसुद्धा नव्हतं. आयोगाचं म्हणणं की आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही आणि कायद्याने ते बरोबर आहे, पण गरिबाच्या घरात जो कागद हमखास सापडतो तोच चालणार नाही म्हटल्यावर माणसाने करायचं काय? सुप्रीम कोर्टाने वगळलेली नावं कारणासकट जाहीर करायला लावली आणि 8 सप्टेंबरला आधार हा ओळखीचा 12 वा कागद म्हणून घ्यायला सांगितलं. अंतिम यादी 7.42 कोटींची झाली. दुसऱ्या टप्प्यात 12 राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश घेतले, त्यात गोवा आहे.

या पडताळणीचा सगळ्यात जास्त त्रास दोन लोकांना होतो असं मला वाटतं. एक म्हणजे बाहेर पोटाला गेलेले, बीडकडचे ऊसतोड कामगार दिवाळीनंतर कोयता घेऊन निघतात ते उन्हाळ्यात परततात, मधे बीएलओ, म्हणजे यादी तपासायला घरोघर फिरणारा बूथचा कर्मचारी, घरी आला तर दाराला कुलूप. दुसऱ्या म्हणजे लग्न झालेल्या बायका. आपल्याकडे लग्नात आडनाव बदलतं, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं येतं, कुठे कुठे तर बाईचं स्वतःचं नावसुद्धा बदलतात, मग शाळेचा दाखला माहेरच्या नावाचा, आधार सासरचं, यादीत तिसरंच.

बाहेर चित्र वेगळं आहे. अमेरिकेत सरकारी राष्ट्रीय ओळखपत्र नाही, नियम राज्यागणिक बदलतात, इंडियाना राज्याचा फोटो आयडीचा कायदा अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 2008 मध्ये 6 विरुद्ध 3 ने मान्य केला, आणि टेक्ससच्या 2011 च्या कायद्यात बंदुकीचा परवाना चालत होता पण विद्यापीठाचं ओळखपत्र नाही. इंग्लंडमध्ये मे 2023 च्या स्थानिक निवडणुकांत पहिल्यांदा फोटो आयडी सक्तीचा झाला तेव्हा सुमारे 14,000 लोक बूथवरून परत गेले ते पुन्हा आलेच नाहीत. तिथे यादीत नाव असून कागदाने अडवलं. आपल्याकडे नाव तपासायचं ते निवडणूक लागायच्या आधी, कारण उमेदवारी अर्ज भरायची शेवटची वेळ टळली की त्या निवडणुकीसाठी यादीत नाव घालता येत नाही.