शोधता शोधता बदललेला प्रश्न

नोकरीच्या जाहिरातींमध्ये अलीकडे ‘मल्टिटास्किंगची क्षमता आवश्यक’ अशी अट सर्रास वाचायला मिळते. काही माणसांचा मेंदू अनेक कामे एकाच वेळी समांतर चालवू शकतो आणि बाकीच्यांनी ते सरावाने शिकून घ्यावे, अशी समजूत तिच्यामागे आहे. या समजुतीचे खंडन करणारे लेख बहुधा ‘एका वेळी एकच काम करा’ या उपदेशापाशी थांबतात. माहिती शोधणाऱ्या माणसाला हा उपदेश पाळणे जवळजवळ अशक्य असते, आणि त्या अडचणीच्या मुळाशी गेले की मानसशास्त्रातील एका अतिशय देखण्या प्रयोगमालिकेची गाठ पडते.

काही महिन्यांपूर्वी वडिलांच्या रक्ततपासणीचा अहवाल आला, तेव्हा त्यातील क्रिएटिनिनच्या, म्हणजे मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे सुचवणाऱ्या घटकाच्या, आकड्याचा अर्थ शोधायला मी बसलो होतो. तेवढ्यात गणपतीसाठी कोकणात जाणाऱ्या गाडीच्या आरक्षणाची आठवण झाली, म्हणून दुसरा टॅब उघडला. भाचीच्या अकरावी प्रवेशाची यादी लागली का, हे पाहण्यासाठी तिसरा उघडला. पाऊण तासानंतर पहिल्या टॅबवर परतलो तेव्हा मजकूर ओळखीचा वाटत होता, परंतु त्यातून मला नेमके काय हवे होते हे आठवण्यासाठी तो सुरुवातीपासून पुन्हा वाचावा लागला. डोळ्यांसमोर माहिती तीच होती. तिला विचारायचा प्रश्न मात्र मनातून निघून गेला होता.

असे वागणे अपवादात्मक नाही. माहितीशास्त्राच्या अभ्यासक अमँडा स्पिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्टाव्हिस्टा या तेव्हाच्या प्रसिद्ध शोधयंत्राच्या २००२ सालच्या नोंदी तपासल्या आणि २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या बैठकींमध्ये, म्हणजे शोधयंत्राच्या एका सलग वापरात, लोकांनी केवळ दोन वेळा काही शोधले होते, त्यांपैकी ८१ टक्के बैठकींत एकाहून अधिक विषय होते; तीन किंवा अधिक वेळा शोधलेल्या बैठकींत हे प्रमाण ९१ टक्क्यांच्या वर गेले. हा दोष इंटरनेटचा आहे असेही म्हणता येत नाही. स्पिंक यांनी एका सार्वजनिक ग्रंथालयातील एकाच वाचकाचा बारकाईने मागोवा घेतला, तेव्हा दोन भेटींमध्ये तो चार परस्परांशी संबंध नसलेल्या विषयांची माहिती शोधत असल्याचे आढळले. एका वाचकावरून नियम काढता येणार नाही, हे खरे; परंतु संदर्भग्रंथ पाहायला ग्रंथालयात गेलेला आणि वाटेत नव्या पुस्तकांच्या कपाटापाशी रेंगाळलेला कोणताही मराठी वाचक या निरीक्षणाची साक्ष देईल. शोधताना उत्तर अर्धवट मिळते, एका उत्तरातून दुसरा प्रश्न निघतो, आणि वाट पाहण्याच्या मोकळ्या क्षणी तिसरा प्रश्न डोके वर काढतो.

आता मेंदूकडे वळू. चालणे आणि बोलणे यांसारख्या गोष्टी एकत्र चालतात, कारण चालण्यासाठी क्षणोक्षणी निर्णय घ्यावे लागत नाहीत. दोन्ही कामांना निर्णय लागत असेल, तर एक निर्णय पूर्ण होईपर्यंत दुसरा सहसा खोळंबतो. अरुंद पुलावरून एका वेळी एकच गाडी जावी तसे हे आहे. म्हणून ज्याला आपण मल्टिटास्किंग म्हणतो, ते बहुतेक वेळा कामांची वेगाने केलेली अदलाबदल असते. या अदलाबदलीला किंमत पडते, आणि ती किंमत कशी मोजली गेली हे सविस्तर सांगण्याजोगे आहे.

आर्थर जर्सिल्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९२७ मध्ये, संगणक नसताना, केवळ कागद आणि घड्याळ वापरून ती मोजली. त्याच्या धर्तीवर घरी करता येईल असा प्रयोग असा : दोन अंकी वीस संख्यांच्या तीन याद्या करा. पहिल्या यादीतील प्रत्येक संख्येत तीन मिळवा, दुसरीतील प्रत्येक संख्येतून तीन वजा करा, आणि तिसऱ्या यादीत आळीपाळीने एकदा मिळवा, एकदा वजा करा. तिसऱ्या यादीत एकही गणित अधिक अवघड नाही, तरीही तिला स्पष्टपणे जास्त वेळ लागतो. हा जादा वेळ म्हणजे अदलाबदलीचा खर्च.

जर्सिल्डच्या कामाचा पुढचा भाग मला त्याहून मोलाचा वाटतो. त्याने अशीही यादी दिली, जिच्यात एक संख्या आणि एक शब्द असा क्रम होता; संख्या आली की वजाबाकी करायची आणि शब्द आला की त्याचा विरुद्धार्थी शब्द सांगायचा. इथेही प्रत्येक पायरीला काम बदलत होते, आणि तरीही खर्च नाहीसा झाला. पुढे १९७६ मध्ये स्पेक्टर आणि बीडरमन यांनी मिळवणे आणि वजा करणे आळीपाळीने येणाऱ्या यादीत प्रत्येक संख्येशेजारी अधिक किंवा उणे तीन असे लिहिले, आणि तेवढ्यानेही खर्च बराच घटला. याचा अर्थ असा की, समोरची वस्तू स्वतःच ‘माझे काय करायचे’ हे सांगत असेल, तर मेंदूचा भार हलका होतो. ती मुकी असेल आणि तिच्यावर दोन्ही कामे करता येत असतील, तर कोणते काम करायचे हे दर वेळी स्मरणातून ओढून आणावे लागते.

हा खर्च केवळ आठवण्याचा असेल, तर पुरेसा वेळ दिल्यावर तो संपला पाहिजे. केंब्रिज विद्यापीठात रॉबर्ट रॉजर्स आणि स्टीफन मॉन्सेल यांनी १९९५ मध्ये हेच तपासले. पडद्यावर एका चौकोनाची चार घरे होती आणि एक अक्षर व एक अंक यांची जोडी क्रमाने त्या घरांतून फिरत असे; जोडी वरच्या दोन घरांत असेल तर अक्षर स्वर की व्यंजन हे सांगायचे, खालच्या दोन घरांत असेल तर अंक सम की विषम हे सांगायचे. त्यामुळे प्रत्येक काम सलग दोनदा येई आणि मग बदले, आणि बदल केव्हा येणार हे आधीपासून ठाऊक असे. दोन जोड्यांमधील अवकाश सुमारे ०.६ सेकंदापर्यंत वाढवत नेला, तसा खर्च कमी होत गेला. मात्र त्यापुढे १.२ सेकंदांपर्यंत अवकाश दिला तरी उरलेला खर्च उरलाच. तयारीला भरपूर वेळ मिळाला, काय येणार हे माहीत होते, आणि तरीही नव्या कामाची पहिली जोडी प्रत्यक्ष समोर येईपर्यंत मेंदू पूर्णपणे त्या कामाचा होत नव्हता.

हा शिल्लक खर्च कुठून येतो, याचे एक स्पष्टीकरण ॲलन ऑलपोर्ट आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्येच मांडले होते. हिरव्या शाईत छापलेला ‘लाल’ हा शब्द वाचायला सोपा जातो, पण त्याच्या शाईचा रंग सांगायला अडखळायला होते, कारण वाचण्याची सवय जबर असते. मग यांपैकी कोणत्या कामाकडे वळणे महाग पडावे? सहज बुद्धी सांगेल की अवघड कामाकडे वळणे. प्रयोगात उलटे आढळले : रंग सांगण्याकडून शब्द वाचण्याकडे, म्हणजे अवघडाकडून सोप्याकडे वळताना खर्च जास्त आला. ऑलपोर्ट यांचे म्हणणे असे की, रंग सांगताना वाचनाची सवय जोराने दाबून धरावी लागते, आणि काम बदलल्यावरही तो दाब लगेच उठत नाही. शाळेत आपण पदार्थाचे जडत्व शिकतो; इथे मनाने एका कामासाठी केलेल्या सज्जतेचेच जडत्व आहे. या स्पष्टीकरणात पुढे भर पडली, वादही झाले, परंतु सोप्याकडे वळण्याची ही जादा किंमत इतर प्रयोगांतही पुन्हा दिसली आहे.

या प्रकाशात माझ्या तीन टॅबांकडे पाहिले की अडचण कळते. रक्ताचा अहवाल, रेल्वेचे आरक्षण आणि प्रवेशाची यादी ही तीन अगदी वेगळी कामे असली, तरी त्यांची मांडणी एकच : तोच पडदा, तीच शोधाची चौकट, तसाच अक्षरांचा आकार, आणि आकड्यांनी भरलेले तसेच तक्ते. क्रिएटिनिनच्या पानावर ‘वडिलांच्या वयाच्या पुरुषासाठी हा आकडा जास्त आहे का’ हा माझा प्रश्न कुठेही लिहिलेला नसतो. त्या याद्यांच्या भाषेत, ती अधिक-उण्याची खूण नसलेली यादी आहे. ग्रंथालयात आरोग्याचे कपाट एका भिंतीशी आणि प्रवासवर्णनांचे दुसऱ्या भिंतीशी असते, त्यामुळे पाऊल वळले की प्रश्नही आठवतो. हा माझा तर्क आहे, परंतु वरील प्रयोगांशी तो सुसंगत आहे.

या विषयाभोवती बाजार फार आहे, म्हणून दोन गोष्टी स्पष्ट करतो. स्त्रियांना मल्टिटास्किंग उपजत जमते, असे कौतुकाच्या सुरात म्हटले जाते. जर्मनीतील संशोधकांनी २०१९ मध्ये ४८ स्त्रिया आणि ४८ पुरुष यांची तुलना केली, तेव्हा अदलाबदलीच्या खर्चात फरक आढळला नाही. घरातील पाच कामे एकटीवर टाकण्यासाठी हे कौतुक सोयीचे आहे, एवढेच. दुसरे, मुलांची एकाग्रता वाढवून देण्याच्या नावाखाली ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’चे, म्हणजे मध्यमेंदू जागृत करून देण्याचा दावा करणारे, वर्ग चालतात आणि डोळ्यांवर पट्टी बांधून वाचणारी मुले दाखवली जातात. ती मुले नाकाशेजारच्या फटीतून पाहत असतात. फट नीट बुजवली की वाचन बंद पडते. पालकांनी अशा वर्गांना एक रुपयाही देऊ नये.

खऱ्या कौशल्याचे उदाहरण आपल्याच परंपरेत आहे. अष्टावधान, म्हणजे आठ गोष्टींचे अवधान राखत काव्य रचण्याची कला, आज विशेषतः तेलुगू, कन्नड आणि संस्कृत कवींनी जिवंत ठेवली आहे. आठ पृच्छक, म्हणजे प्रश्न विचारणारे, अवधानीला, म्हणजे ही कला सादर करणाऱ्या कवीला, आठ प्रकारे गुंतवतात : एक जण समस्या, म्हणजे श्लोकाचा दिलेला चरण, पूर्ण करायला देतो, दुसरा ठरावीक शब्द श्लोकात गुंफायला सांगतो, तिसरा अक्षरामागून अक्षर निषिद्ध ठरवत जातो, कोणी मधूनच घंटा वाजवतो आणि तिचे ठोके मोजून लक्षात ठेवायचे असतात, तर कोणी असंबद्ध प्रश्न विचारून लक्ष विचलित करतो. अवधानी हे सारे एकाच क्षणी करत नाही. तो एकेका पृच्छकाकडे वळतो, त्याच्या श्लोकाचा एक चरण रचतो, पुढे जातो, आणि फेरी पूर्ण झाल्यावर परत येऊन दुसरा चरण रचतो. शेवटी सर्व श्लोक सलग म्हणून दाखवतो. ही दीर्घ साधनेने कमावलेली स्मरणशक्ती आणि भाषाप्रभुता आहे. माझे लक्ष मात्र आणखी एका गोष्टीकडे जाते : प्रत्येक काम एका वेगळ्या माणसाशी, त्याच्या आवाजाशी आणि त्याच्या बसण्याच्या जागेशी बांधलेले असते, आणि अवधानीने मान वळवली की तो पृच्छक आपला प्रश्न घेऊन समोर बसलेलाच असतो.

वडिलांच्या पुढच्या अहवालाच्या वेळी मी शेजारी एक कागद ठेवला. टॅब सोडण्याआधी त्यावर पूर्ण वाक्यात लिहिले : ‘मागच्या वेळेपेक्षा आकडा वाढला आहे का, आणि वाढला असेल तर डॉक्टरांना काय विचारायचे?’ मध्ये दोनदा उठावे लागले आणि एकदा आरक्षणाचे पान उघडावे लागले. परतल्यावर आधी कागद वाचला, मग पडदा. मजकूर पुन्हा सुरुवातीपासून वाचावा लागला नाही.