जुन्या गाडीखाली नवी चासी: ‘मस्टँग-टू’ या नावाची पार्श्वभूमी

जुन्या अमेरिकन गाडीत दणकट इंजिन आणि रुंद टायर बसवायचे ठरले की खालच्या सांगाड्याचे काय करायचे, याला आज तीन उत्तरे आहेत. मूळ फ्रेम ठेवून आर्म (चाकाला फ्रेमशी जोडणारे दांडे) आणि स्प्रिंग बदलायचे, पुढचा भाग कापून नवा क्रॉस मेंबर (फ्रेमच्या दोन बाजू जोडणारा आडवा तुकडा) वेल्ड करायचा, किंवा बॉडी उचलून सरळ तयार चासीवर ठेवायची. तिन्हींचे मूळ भंगाराच्या आवारात सापडते. ज्या काळात जो भाग मुबलक मिळाला, तोच पुढे रूढ झाला.

फोर्डच्या मोटारींत 1948 पर्यंत पुढे सरळ अ‍ॅक्सल आणि एकच आडवा पाटा (पट्ट्यांची स्प्रिंग) होता. हौशी कारागिरांनी अ‍ॅक्सलची टोके उंचावून गाडी खाली बसवली. वळणावरच्या वागण्यात त्याने फारसा फरक पडला नाही. 1961 मध्ये आलेली जॅग्वारची मागची स्वतंत्र सस्पेन्शन दिसायला देखणी होती. पण तिच्या ब्रेक डिस्क डिफरन्शियलला (मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीला) खेटून असल्याने उष्णतेने ऑइल सील जात आणि पॅड बदलायलाही अर्धी गाडी खोलावी लागे. शेव्हरोलेच्या दुसऱ्या पिढीच्या कॅमारोचा (1970 पासूनचा) पुढचा भाग कापून जुन्या ट्रकना जोडण्याची पद्धत बरीच चालली, पण त्याची रुंदी अरुंद बॉडीला जास्त होते आणि टायर फेंडरबाहेर डोकावतात.

मग ‘मस्टँग-टू’ रुळली. या नावाइतका घोळ या धंद्यात दुसऱ्या कशात नाही. मूळ गाडी फोर्डची, 1974 ते 1978 ची, छोटी आणि हलकी. तिची पुढची सस्पेन्शन अरुंद होती आणि स्टिअरिंग रॅक (चाके वळवणारी दातेरी दांडी) चाकांच्या मध्यरेषेच्या पुढे असल्याने इंजिनचा ऑइल संप (तळाची तेलाची टाकी) आड येत नसे. एवढ्या दोन गुणांवर ती निवडली गेली. खालचा आर्म एकाच बोल्टवर होता आणि ब्रेकचा धक्का फ्रेमकडे नेणारा एक तिरका स्ट्रट रॉड होता. चाके चार नटांची, डिस्क लहान.

आज त्याच नावाने विकल्या जाणाऱ्या किटमध्ये यातले काय उरले? खालचा आर्म नळीचा आणि रुंद पायाचा, स्ट्रट रॉड गायब, साध्या स्प्रिंगच्या जागी कॉइलओव्हर (शॉक अ‍ॅब्सॉर्बरभोवतीच बसवलेली स्प्रिंग), डिस्क 11 इंची किंवा मोठी, नट पाच. उरला तो नकलचा (चाक धरून ते वळवणाऱ्या तुकड्याचा) आकार आणि सांध्यांची मांडणी. म्हणून ‘मस्टँग-टू आहे’ एवढ्या सांगण्याला अर्थ नाही. नकलची उंची, आर्मच्या आतल्या पिनींमधले अंतर आणि रॅकची लांबी हे तीन आकडे विचारायलाच हवेत.

रॅकच्या बाबतीत चूक हमखास होते. त्याचे आतले दोन सांधे वरच्या आणि खालच्या आर्मच्या आतल्या पिनी जोडणाऱ्या रेषेवर पडले पाहिजेत. रुंदी कमी करायला क्रॉस मेंबर आखूड केला आणि रॅक तसाच ठेवला, तर सांधे बाहेर सरकतात आणि खड्ड्यात चाक गेले की स्टिअरिंग न फिरवता गाडी वळते. तपासायला स्प्रिंग काढा, चाक दोन इंच वर आणि दोन इंच खाली नेत दर अर्ध्या इंचाला टो (चाक पुढे आत-बाहेर किती वळले ते) मोजा. फरक दीड मिलिमीटरच्या आत राहायला हवा.

दुसरी चूक वेल्डिंगच्या दिवशीच होते. फ्रेम लेव्हलला ठेवून क्रॉस मेंबर 5 अंश कास्टरवर (चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे कललेला कोन) बसवला आणि नंतर गाडीचे नाक 3 अंश खाली झुकवले, की हाती उरतो 2 अंश. हायवेवर अशी गाडी सारखी सावरावी लागते. आधी फ्रेम शेवटच्या झुकावावर घोड्यांवर (स्टँडवर) ठेवायची आणि मगच क्रॉस मेंबर जमिनीला समांतर करायचा. उघडी, ‘सी’ आकाराची फ्रेम असेल तर आतून पत्रा लावून ती बंद करणे ओघानेच आले. वेल्ड तुकड्यातुकड्याने, बाजू बदलत मारायचे. सलग मारले तर फ्रेम पिळते.

पहिल्या कॅमारोची (1967) कहाणी वेगळी आहे. तिथे पुढची सबफ्रेम (इंजिन आणि पुढची चाके धरणारी छोटी फ्रेम) बोल्टने जोडलेली आहे, त्यामुळे बदलणे सोपे. खरी अडचण आखूड नकलची: वळणावर बाहेरचे चाक दबले की त्याचा माथा बाहेर झुकतो आणि टायर कडेवर घासतो. उंच नकल किंवा उंच बॉल जॉइंट (आर्म आणि नकल जोडणारा गोळ्याचा सांधा) लावला तर तो माथा आत येतो. त्यामुळे 1990 च्या दशकाच्या अखेरीस वळणावर पळणाऱ्या जुन्या गाड्यांची लाट आली, तेव्हा 1997 च्या कॉर्व्हेटची उंच अ‍ॅल्युमिनियम नकल हा नव्या सबफ्रेमचा पाया ठरला. पूर्ण चासी घ्या किंवा नुसता पुढचा भाग, निवड नकलपासून सुरू करावी. चमकदार पावडर कोटिंगवर भुलून चासी घेणारे नेमके हेच शेवटी पाहतात.

कॉइलओव्हरवरचा आकडा चाकापाशी तेवढाच मिळत नाही. आर्म 400 मिमी आणि स्प्रिंग पिनीपासून 260 मिमीवर असेल तर गुणोत्तर 0.65, आणि कडकपणा त्याच्या वर्गाने घटतो: 0.4225. म्हणजे इंचाला 500 पाउंडाची स्प्रिंग चाकापाशी 211 पाउंडाची, आणि ती तिरकी असेल तर त्याहूनही कमी.

मागे पाटे असतील तर जोरात क्लच सोडताच ते ‘एस’ आकारात वळतात आणि चाक उड्या मारते. त्यावर चार दांड्यांची मांडणी आली. वरच्या दोन दांड्या तिरक्या असल्या तर अ‍ॅक्सल बाजूला सरकत नाही. समांतर असतील तर पॅनहार्ड रॉड (अ‍ॅक्सलला बाजूने फ्रेमशी धरणारी आडवी दांडी) लागतोच. तिरक्या मांडणीत कडक पॉलियुरेथेन बुश (सांध्यातली नळी) घातले की एक चाक वर जाताना दांड्या अडकतात आणि ब्रॅकेट वेल्डच्या कडेला तडकतात. तिथे एका टोकाला रबर किंवा गोलाकार सांधा ठेवावा. वेगळी फ्रेम नसलेल्या बॉडीत सबफ्रेम कनेक्टर (पुढचा आणि मागचा भाग जोडणाऱ्या दांड्या) घालताना गाडीचे वजन चाकांवरच असू द्यावे. बॉडी लिफ्टवर लटकत असताना वेल्ड केले तर नंतर दरवाजा बंद होत नाही.