फुली दोन मिलिमीटरची, अंगठा बाराचा

"मला मेलीला हे जमायचंच नाही," असं म्हणत आईनं फोन ओट्यावर पालथा टाकला. बातमी वाचताना मध्येच जाहिरात आली, ती घालवायला तिनं कोपऱ्यातली फुली दाबली, तर गाद्यांचं दुकान उघडलं. पुन्हा दाबली, पुन्हा गाद्या. भाजीला फोडणी देता देता हा उद्योग चालला होता, त्यामुळे काचेवर अंगठ्याचे हळदीचे ठसे उमटले होते. मी कंपासपेटीतली पट्टी आणली. ठसा 12 मिलिमीटर रुंद भरला. फुली जेमतेम 2.

वय झालं की मोबाइल जमत नाही, असं आपण सहज म्हणून टाकतो. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांबद्दलही असंच म्हटलं जाई. विमान उतरवल्यावर पंखांचे फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या झडपा) मिटायचे, तर काही जण भलताच खटका ओढून चाकंच मिटून टाकत आणि विमान पोटावर बसे. शेरा ठरलेला: वैमानिकाची चूक. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी 1947 मध्ये अशा 460 प्रसंगांची छाननी केली, तेव्हा बऱ्याच चुकांचं मूळ खटक्यांच्या रचनेत आणि जागेत सापडलं.

याच फिट्स यांनी 1954 मध्ये एक साधा प्रयोग केला. टेबलावर धातूच्या दोन पट्ट्या, हातात धातूची लेखणी. आलटून पालटून दोन्ही पट्ट्यांवर टकटक करायची, जमेल तितक्या वेगानं, पण नेम न चुकवता. पट्ट्यांची रुंदी 2 इंचांपासून पाव इंचापर्यंत, अंतर 2 इंचांपासून 16 इंचांपर्यंत. (घरी कागद-पेन घेऊन करून बघा. मजा येते आणि शेजारचे वैतागतात.)

सगळ्यात सोप्या जोडीला एका टोल्यामागे सुमारे 0.18 सेकंद लागले, सगळ्यात अवघड जोडीला सुमारे 0.73. अंतर आठपट आणि पट्टी एक-अष्टमांश होऊनही वेळ वाढला फक्त चौपट! मला खरी भुरळ पडते ती पुढच्या गोष्टीची. 2 इंचांवरची पाव इंची पट्टी आणि 16 इंचांवरची 2 इंची पट्टी यांना जवळपास सारखाच वेळ लागतो. हाताला नुसतं अंतरही कळत नाही, नुसती रुंदीही नाही. त्याला कळतं ते दोन्हींचं गुणोत्तर.

असं का होतं? हात एका दमात नेमका जागेवर पोचत नाही. आधी एक मोठी झेप घेतो, मग डोळा सांगतो 'थोडं उजवीकडे', मग छोटी दुरुस्ती, मग त्याहून छोटी. सुईत दोरा ओवताना हे स्वतःलाच दिसतं. प्रत्येक दुरुस्तीनंतर उरलेली चूक ठरावीक पटीनं घटते, असं मानलं तर दुरुस्त्यांची संख्या निघते लॉगॅरिदमनं. फिट्स यांचं सूत्र तेच: अंतराच्या दुपटीला रुंदीनं भागा आणि त्याचा 2 या पायाचा लॉग घ्या, म्हणजे ती संख्या 2 चा कितवा घात आहे ते बघा. उत्तर येतं 'बिट' या माहिती मोजायच्या एककात, कारण ही कल्पना गणितज्ञ क्लॉड शॅनन यांच्या 1948 च्या माहिती सिद्धांतातून उचललेली. अंगठ्यापासून 64 मिलिमीटरवर 8 मिलिमीटरचं बटण असेल तर 128 भागिले 8, म्हणजे 16, म्हणजे 4 बिट. 2 मिलिमीटरची फुली असेल तर 6 बिट. फिट्स यांच्या प्रयोगात एका बिटामागे साधारण 0.09 सेकंद वाढत होते.

म्हणजे आईला फुली दाबायला फार तर पाव सेकंद जास्त लागायला हवा. मग नेम का चुकतो? कारण लेखणीला टोक असतं, अंगठ्याला नसतं. अंगठा फुलीजवळ पोचतो तेव्हा फुली त्याच्याखाली झाकली जाते, आणि 'थोडं उजवीकडे' सांगणारा डोळाच आंधळा होतो. गूगलमधल्या तीन संशोधकांनी 2013 मध्ये फिट्स यांच्या सूत्रात हीच दुरुस्ती केली: बोटाच्या नेमातल्या विखुरण्याचा एक भाग असा असतो, की तो कितीही सावकाश दाबलं तरी कमी होत नाही. घाई न करता, चष्मा लावून दाबलं तरी उपयोग नाही. म्हणूनच अँड्रॉइडची शिफारस बटणाची स्पर्शजागा निदान 9 मिलिमीटरच्या आसपास ठेवायची आहे. चित्र बारीक असलं तरी चालेल, त्याच्याभोवतीची न दिसणारी जागा मोठी हवी.

अ‍ॅप आणि वेबसाइटचे पडदे आखायच्या या धंद्यातही वास्तुशास्त्र आहेच. बटण अमुक रंगाचं केलं की विक्री वाढते, कुठलीही गोष्ट तीन क्लिकच्या आत सापडलीच पाहिजे, मांडणी सुवर्ण गुणोत्तरात बसली की डोळ्याला आपोआप रुचते. शिबिरांत हे ठासून सांगतात. पुरावा मागितला की पुढची स्लाइड येते.

फिट्स यांचं सूत्र उलटंही वापरता येतं. 'खरेदी करा' अंगठ्याखाली, पडदाभर रुंद. 'नको' वरच्या कोपऱ्यात, करड्या रंगात, मुंगीएवढं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 30 नोव्हेंबर 2023 रोजी अशा फसव्या रचनांचे 13 प्रकार अधिसूचित केले. जाहिरात बंद करण्याऐवजी दुसरीच जाहिरात उघडणारी फुली त्यात उदाहरण म्हणून दिली आहे. फुली किती मिलिमीटरची असावी, हे मात्र त्यात नाही.

आईच्या फोनमध्ये मी सेटिंग्जमधून डिस्प्ले साइज वाढवून दिला. अक्षरं मोठी झाली, बटणं मोठी झाली. जाहिरातीतली फुली होती तेवढीच राहिली, कारण ती त्या जाहिरातीच्या चित्रातच आखलेली होती. दोन दिवसांनी पाहिलं तर आई फुलीकडे बघतही नव्हती. गाद्या आल्या की खालचं 'मागे' जायचं बटण दाबायची. अंगठ्याच्या अगदी जवळ, आणि चांगलं रुंद.

"तुझी पट्टी जागेवर ठेव," ती म्हणाली, "तिला हळद लागलीय."