विबंध

आपल्या बोलण्याने, कृतीने किंवा मौनाने दुसऱ्याचा एखादा समज करून दिला आणि त्यावर विसंबून त्याने पाऊल उचलले, तर नंतर त्याच्याविरुद्ध बाजू फिरवता येत नाही, असा नियम. ‘विबंध’ हा कोशातला शब्द. बेळगाव, खानापूर, निपाणीकडील वकिलांच्या तोंडी ‘एस्टॉपेल’च. त्याचे मूळ जुन्या फ्रेंचमधील ‘बोळा, बूच’ या अर्थाच्या शब्दात सांगतात.

इंग्लिश कॉमन लॉमधील विबंध विद्यमान वस्तुस्थितीविषयीच्या कथनापुरता होता (पिकार्ड वि. सिअर्स, 1837), पुढे काय करू याचे वचन त्यात बसत नाही, असे जॉर्डन वि. मनी (1854) मध्ये ठरले. ही उणीव समन्यायाने (‘इक्विटी’, कॉमन लॉला पूरक अशी न्यायतत्त्वे) भरली. वचनविबंधाचे (दिलेल्या वचनावरून लागणाऱ्या विबंधाचे) जनकत्व इंग्लिश न्यायाधीश डेनिंग यांच्या हाय ट्रीज निकालाला (1947) देण्याची प्रथा आहे. मात्र त्या दाव्यात घरमालकच जिंकला. युद्धकाळात निम्मेच भाडे घेण्याच्या वचनाविषयीचे मत आनुषंगिक होते, निकालाचा आधार नव्हे. तत्त्व ह्यूज वि. मेट्रोपॉलिटन रेल्वे (1877) मध्येच आढळते, म्हणून त्याला पुनरुज्जीवन म्हणणे अधिक सयुक्तिक.

भारतात 1872 च्या पुरावा अधिनियमाचे कलम 115 (1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम 121) वस्तुस्थितीपुरतेच बोलते. वचनविबंध निकालांतून वाढला. बेळगाव जिल्हा 1956 पर्यंत मुंबई उच्च न्यायालयाखाली होता. त्या न्यायालयाने 1905 मध्ये मुंबई महापालिकेच्या जागेच्या खटल्यात सरकारला शब्द फिरवू दिला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या मोतीलाल पदमपत निकालाने (1979, न्या. भगवती, न्या. तुळजापूरकर) वचनविबंध दाव्याचाही पाया ठरू शकतो असे मानले, इंग्लंडमध्ये तो बचावाची ढालच राहिला (कोंब वि. कोंब, 1951).

सीमाभागात प्रश्न बहुधा संचकारपत्रावरून (विसार घेऊन केलेल्या विक्रीच्या करारावरून) उठतो. थोरला भाऊ संचकार घेतो. उताऱ्यावर नाव असलेला धाकटा बांधावर उभा राहून घेणाऱ्याला विहिरीची जागा दाखवतो आणि पाणी लागल्यावर ‘माझा हिस्सा विकलाच नव्हता’ म्हणतो. असे वर्तन विबंधाला पुरू शकते. दस्तावर साक्षीदार म्हणून केलेली नुसती सही पुरत नाही: तिच्यावरून मजकूर ठाऊक होता असे धरता येत नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने) पांडुरंग कृष्णाजी खटल्यात म्हटले. (सहीचा भरवसा गावात मात्र फार.)

अज्ञान (अल्पवयीन) व्यक्तीने वय खोटे सांगितले तरी तिला विबंध लागत नाही (मुंबई पूर्णपीठ, गदिगेप्पा भीमप्पा, 1931). कायद्याविरुद्धही विबंध नाही: अनुसूचित जाती-जमातींना सरकारने दिलेली जमीन 1978 च्या कर्नाटक अधिनियमाविरुद्ध विकली, तर विकणाऱ्याचा शब्द घेणाऱ्याला तारत नाही.