कोविडकाळात गोव्याच्या पर्यटनाला मिळालेली मदत : पार्श्वभूमी

कोविड आला तेव्हा गोव्याचं पर्यटन आधीच डगमगत होतं. खाणी 2012 मध्ये एकदा बंद पडल्या. सर्वोच्च न्यायालयाने 88 लीज रद्द केल्यावर मार्च 2018 मध्ये त्या पुन्हा थांबल्या, आणि खनिज वाहणाऱ्या ट्रक, बार्जवर पोट असलेली कित्येक घरं किनाऱ्यावरच्या पर्यटनाकडे वळली. सप्टेंबर 2019 मध्ये ब्रिटनची थॉमस कुक कंपनी बुडाली आणि पर्यटकांचे गट थेट घेऊन येणाऱ्या चार्टर विमानांचा मोठा आधार गेला. तरीही त्या वर्षी सुमारे 71 लाख देशी आणि 9 लाखांहून अधिक विदेशी पर्यटक आले. 2021 मध्ये विदेशी पर्यटकांचा आकडा 22 हजारांच्या आसपास उरला.

राज्यात पहिले तीन रुग्ण 25 मार्च 2020 रोजी सापडले. शॅकचा, म्हणजे किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या उपाहारगृहांचा, हंगाम मेअखेरपर्यंत चालतो, म्हणजे दोन महिन्यांची कमाई तिथेच बुडाली. शॅक पावसाआधी उतरवायचा आणि पुढच्या हंगामात बांबू, माडाची झापं आणून नव्याने उभा करायचा, त्यामुळे मालकाचं भांडवल दरवर्षी नव्याने अडकतं. बांदा, सावंतवाडी, दोडामार्गहून गोव्यात कामाला येणाऱ्या पोरांची तर पत्रादेवीची सीमा बंद होताच रोजीच तुटली.

हॉटेलं 2 जुलै 2020 पासून अटींवर उघडली: 48 तासांच्या आतला कोविड निगेटिव्ह दाखला आणा, नाहीतर इथे चाचणी करा. परवाना शुल्क आणि विजेचे स्थिर आकार माफ करा, कर्जाचे हप्ते पुढे ढकला, अशा मागण्या व्यावसायिक करत होते. ट्रॅव्हल अँड टुरिझम असोसिएशन ऑफ गोवा ही संघटना त्यांची बाजू सरकारपुढे मांडत होती.

केंद्राची मदत आली ती मुख्यतः कर्जरूपाने. मे 2020 च्या आपत्कालीन पतहमी योजनेत 29 फेब्रुवारी 2020 रोजी शिल्लक असलेल्या कर्जाच्या 20 टक्के वाढीव कर्ज मिळे. मार्च 2021 मध्ये हॉटेल, प्रवास आणि पर्यटन व्यवसायांसाठी हे प्रमाण 40 टक्के झालं. म्हणजे ज्याच्या नावावर बँकेचं कर्ज होतं, त्यालाच ही दारं उघडी. घरच्या दोन खोल्या भाड्याने देणारी बाई किंवा मोटारसायकल टॅक्सी चालवणारा ‘पायलट’ या हिशेबात बसलेच नाहीत, आणि माझ्या मते या सगळ्या मदतीतली हीच मोठी उणीव. जून 2021 मध्ये केंद्राने नोंदणीकृत गाइडना 1 लाखापर्यंत आणि मान्यताप्राप्त पर्यटन व्यावसायिकांना 10 लाखांपर्यंत हमी-कर्ज जाहीर केलं. तेही नोंदणी असलेल्यांनाच.

त्याआधीच दुसरी लाट येऊन गेली होती. उच्च न्यायालयाच्या आदेशाने 10 मे 2021 पासून राज्यात येणाऱ्यांना निगेटिव्ह दाखला सक्तीचा झाला. त्या मे महिन्यात गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) प्राणवायूअभावी माणसं गेली. पर्यटन कधी सुरू होणार, हे तेव्हा विचारणंही जड जात होतं.

ऑक्टोबर 2021 मध्ये चार्टरने येणाऱ्यांना व्हिसा मिळू लागला, 27 मार्च 2022 पासून नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा पूर्ववत झाली. ब्रिटिश पर्यटकांची ई-व्हिसा सोय मात्र बंदच होती. दक्षिण गोव्यातल्या कित्येक हॉटेलांचा हिवाळा याच पाहुण्यांवर चालतो, म्हणून इथल्या व्यावसायिकांनी ती पुन्हा सुरू करण्याची मागणी लावून धरली. ती सोय डिसेंबर 2022 मध्ये परत मिळाली, तेव्हा त्या वर्षीचा हंगाम सुरू होऊन बरेच दिवस झाले होते.