सामाईक सेप्टिक टँकचं घर घेताय? शोषखड्डा कुणाच्या जागेत आहे ते विचारा

रो-हाउस किंवा गावाकडचं जोडघर दाखवताना एजंट सांगतो, "टाकी दोघांत सामाईक आहे." घेणारा झाकण बघतो आणि पुढे जातो. जमिनीखाली मात्र दोन वेगळ्या गोष्टी असतात, आणि त्रास बहुतेक वेळा दुसरीच देते.

सेप्टिक टँक तळ असलेली, न गळणारी हवी. तिच्यात गाळ खाली बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधलं पाणी पाइपातून बाहेर पडतं. ते पाणी स्वच्छ नसतं. ते जिरवायचं काम शोषखड्ड्याचं. त्याला तळ नसतो, भिंतीच्या सांध्यांतून पाणी मातीत मुरतं.

दोन-तीन वर्षांनी टाकी उपसली नाही तर गाळ वाहून खड्ड्यात जातो आणि मातीची छिद्रं बुजतात. मग गाडी बोलावून टाकी कितीही रिकामी करा, थोड्याच दिवसांत ती पुन्हा तुंबते. घरमालक "आत्ताच उपसली" म्हणाला, तर शेवटची कधी आणि त्याआधी कधी, हे दोन्ही विचारा. सारखी उपसावी लागत असेल तर खड्डा गेला समजा.

जाणकाराकडून झाकण उघडून घ्या. पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी असेल तर ठीक. त्याच्या वर चढलं असेल तर खड्डा पाणी घेत नाही. बरंच खाली असेल आणि टाकी नुकतीच उपसलेली नसेल, तर ती गळते आहे. आत वाकू नका, कुणाला उतरवू तर मुळीच नका. आतल्या वायूने माणसं दगावतात, आणि संरक्षणाशिवाय माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

शक्य असेल तर घर पावसाळ्यात बघा. काळ्या मातीत पाणी मुळातच सावकाश मुरतं, आणि भूजल वर आलं की चांगला खड्डाही तुंबतो.

आता कागद. टाकी तुमच्या अंगणात आणि खड्डा शेजाऱ्याच्या, अशी घरं कितीतरी आहेत. तोंडी परवानगी शेजारी उद्या काढून घेऊ शकतो, किंवा जागा विकून मोकळा होतो. म्हणून पाइप नेण्याचा, पाणी सोडण्याचा आणि दुरुस्तीसाठी आत जाण्याचा हक्क नोंदणीकृत दस्तात लिहून घ्या. उपशाचा आणि नव्या खड्ड्याचा खर्च कोण किती देणार, तेही त्यातच येऊ द्या. सौद्याआधी हे मागायला संकोच करू नका, नंतर तुमच्या हातात काही राहत नाही.

शेजारी सही देत नसेल तर स्वतःच्या जागेत वेगळी टाकी आणि खड्डा बसतो का, ते मोजून घ्या. बांधकाम नियमांप्रमाणे शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर दूर लागतो, आणि यात शेजाऱ्याची विहीरही धरायची.