पेशीच्या आकाराला मर्यादा कुठून आली?

ठाणे खाडीत ऐरोलीच्या बाजूला हिवाळ्यात उतरणारे फ्लेमिंगो सूक्ष्म शैवाल गाळून खातात. त्या एकपेशीय शैवालाची पेशी आणि पक्ष्याच्या स्वतःच्या बहुतेक पेशी मापाने फारशा वेगळ्या नाहीत: दोन्ही मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढ्या. पक्षी वाढतो तो पेशींची संख्या वाढवून.

गॅलिलिओने १६३८ मध्ये मांडलं होतं की वस्तू मोठी होताना पृष्ठफळ वर्गाने वाढतं, घनफळ घनाने. त्याला पडलेला प्रश्न प्राण्यांच्या हाडांचा होता, पण हिशेब पेशीलाही लागू पडतो: अन्न येतं पृष्ठभागातून, लागतं सगळ्या घनफळाला. पेशी हा शब्दच रॉबर्ट हुकने १६६५ मध्ये बुचाचा काप पाहून दिला आणि सगळे सजीव पेशींचे बनलेले असतात हे श्लायडेन व श्वान यांनी १८३८-३९ मध्ये सांगितलं.

माझ्या मते खरं वळण १८५५ चं. अडॉल्फ फिकने विसरणाचा, म्हणजे रेणू आपोआप पसरत जाण्याचा, नियम मांडला आणि त्यातून निघालं की अंतर दसपट झालं तर वेळ शंभरपट लागतो. ऑक्सिजनसारखा लहान रेणू १० मायक्रोमीटर अंतर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत पार करतो. १ सेंटिमीटरला अर्ध्या दिवसाहून जास्त वेळ लागतो. एवढा वेळ कुठली पेशी थांबेल? पुढे १९०३ मध्ये रिचर्ड हर्टविगने केंद्रक आणि पेशीद्रव्याच्या प्रमाणाकडे लक्ष वेधलं: एक केंद्रक किती पसारा सांभाळणार? कॉलर्पा हे समुद्री शैवाल एकाच पेशीचं असूनही फूटभर पसरतं, ते असंख्य केंद्रकं बाळगून.

जीवाणूंना मात्र केंद्रक नसतं, म्हणून ते लहानच असणार असं धरून चाललेलं होतं. १९९९ मध्ये नामिबियाच्या किनाऱ्यावरचा पाऊण मिलिमीटरपर्यंतचा थायोमार्गारिटा हा जीवाणू जाहीर झाला. आत जवळजवळ सगळी नायट्रेटची रिक्तिका (द्रवाने भरलेली पिशवी), जिवंत भाग कडेचा पातळ थर. २०२२ मध्ये, ठाणे खाडीला रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) हा दर्जा मिळाला त्याच वर्षी, कॅरिबियनमधल्या ग्वादेलूप बेटांच्या खारफुटीतल्या बुडालेल्या पानांवरून त्याचा भाऊबंद पुढे आला: साधारण १ सेंटिमीटर लांब, डोळ्यांनी दिसणारा पांढरा दोरा. आपल्या तिवरांखालच्या चिखलाला सडक्या अंड्यांसारखा वास येतो, त्यातल्या हायड्रोजन सल्फाइडवरच असे जीवाणू जगतात. इथल्या कुजत्या पानांवरही कुणीतरी बारकाईने शोधायला हवं.

ग्वादेलूपच्या त्या दोऱ्यासारख्या जीवाणूतही मधली जागा रिक्तिकेने भरलेली आहे. त्यामुळे फिकचा नियम तो मोडत नाही. नवल आहे ते डीएनएचं. ते पडद्याच्या छोट्या पिशव्यांत बांधलेलं असतं आणि पूर्ण वाढलेल्या एका पेशीत त्याच्या काही लाख प्रती लांबीभर पसरलेल्या असतात.